उकाड्यातला मुक्काम

सेवाग्राम. मे महिना, रात्रीचे साडेदहा. यात्री निवासाची खोली साधी: कॉट, गादी, पंखा. पंखा फिरतोय, पण गरम हवाच अंगावर ढकलतोय. वैदर्भीय उन्हाळा रात्रीही पाठ सोडत नाही.

मोबाइलवर भाचीचे फोटो आलेत. मोरोक्कोतल्या मराकेशचं ‘ला मामूनिया’ हॉटेल. संत्र्यांची झाडं, नक्षीदार टाइल्स, तलाव. ‘मामा, इथं चर्चिल राहायचा!’ राहायचा खरा. १९३५ सालच्या डिसेंबरात तो तिथंच होता, रंग-कुंचले घेऊन. आणि ज्याला तो फकीर म्हणून हिणवायचा, तो माणूस जेमतेम चार महिन्यांनी, ३० एप्रिल १९३६ ला, वर्ध्याजवळच्या या शेगावात राहायला आला. गावाचं सेवाग्राम नंतर झालं.

पाहुण्यांची रीघ इथंही होतीच. १९४२ च्या जूनमध्ये लुई फिशर हा अमेरिकन पत्रकार आठवडाभर राहिला. उन्हानं बेजार झाल्यावर पठ्ठ्यानं पाण्याच्या टबात लाकडी खोकं टाकलं, त्यावर टॉवेलची घडी, आणि बसला पाण्यात. बाहेर दुसरं खोकं, त्यावर टाइपरायटर. दिवसभराच्या गांधीजींशी झालेल्या गप्पा अशा टाइप व्हायच्या. घाम आला की अंगावर तांब्याभर पाणी! पंचतारांकित सोय आणखी वेगळी ती काय असते?

काँग्रेसचे बडे पुढारी मात्र बहुधा वर्ध्यात, जमनालालजींच्या बजाजवाडीत उतरत. शहाणे होते. मीही तिथंच उतरलो असतो.