संत्र्याची बाग, पाच कोपरे आणि एक कर्ण

या वीकेंडला कोड नाही, झाडं मोजली.

काटोलकडे आमची संत्र्याची बाग आहे, एकराहून जराशी मोठी. तिची आता वाटणी करायची आहे. बाबा इथे बेसाला माझ्याजवळ फ्लॅटमध्ये असतात, काका गावी. आजोबांनी झाडं नेहमीसारखी 6 बाय 6 मीटरवर लावली होती (हेक्टरी 277 झाडं हा आकडा यातूनच येतो). म्हणजे चक्क चौकटीची वही, आणि प्रत्येक छेदबिंदूवर एक झाड. कुंपणाला पाच कोपरे, प्रत्येक कोपऱ्यावर झाड, खाच कुठेही नाही. शाळेच्या भाषेत बहिर्वक्र पंचकोन.

आता एक गंमत. चार कोपऱ्यांवर झाडं आणि आत एकही नाही असा चौकोन सहज सापडतो, वहीतली एक चौकट घ्या की झालं. पण असा पंचकोन आखून दाखवा बरं! कितीही बारका घ्या, नाही जमणार. प्रत्येक झाडाला ओळ आणि रांग असे दोन नंबर. सम-विषम बघितलं तर चारच प्रकार पडतात, कोपरे मात्र पाच. म्हणजे दोन कोपरे एकाच प्रकारचे, आणि त्यांच्या बरोबर मधोमध एक झाड असणारच. ते दोघं शेजारी नसतील तर मधली रेघ हा कर्ण, झाड आत. शेजारी असतील तर झाड कुंपणावर आलं. मग दोघांतला एक कोपरा उचलून त्या झाडावर आणा, जुन्याच्या आत बसणारा लहान पंचकोन मिळतो. पुन्हा तेच करा. झाडं मोजकीच असल्याने हे कधीतरी थांबतं, आणि थांबतं ते आतल्या झाडावरच. (पाचही कर्णांनी मधोमध जो छोटा पंचकोन तयार होतो, त्याच्या आत किंवा काठावरसुद्धा एक झाड असतंच. ती सिद्धता लांबलचक आहे, पुन्हा कधीतरी.)

असो, वाटणी. एक कोपरा (0,0) धरला तर बाकीचे (12,0), (14,6), (7,10) आणि (0,10). बाबांनी सुचवलं, (12,0) ते (0,10) या कर्णावर बांध घालू. त्रिकोण बाबांचा, चौकोन काकांचा. दोघांचं क्षेत्रफळ काढायला टेपही लागत नाही. जॉर्ज पिकने 1899 साली सूत्र देऊन ठेवलंय: आतली झाडं, अधिक काठावरची निम्मी, वजा एक. (हा सज्जन प्राध्यापक 1942 साली नाझींच्या थेरेसिनस्टाट छावणीत गेला. सूत्र वापरताना दर वेळी आठवतं.) त्रिकोणात आत 49, काठावर 24, म्हणून 49 + 12 - 1 = 60. चौकोनात आत 55, काठावर 12, म्हणून 55 + 6 - 1 = 60. दोन्हीकडे साठ चौकटी, म्हणजे 2160 चौरस मीटर. एक फूटही इकडेतिकडे नाही! मी खुश होऊन काकांना फोन लावला.

काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "जमीन सारखी झाली म्हणतं तू. पण बापा, संत्रं जमिनीले लागते का झाडाले?"

पुन्हा मोजलं. कर्णावर तीन झाडं: दोन टोकांची आणि मधलं, (6,5) वरचं. ती सामायिक. ती सोडली तर बाबांकडे 70, काकांकडे 64. पिक काठावरचं झाड अर्धं धरतो, काकांचा व्यापारी पूर्ण झाडाचे पैसे देतो. काकांचा मुद्दा बरोबरच आहे, आणि सूत्रापेक्षा जास्त बरोबर आहे असं माझं मत.

बाबा म्हणतात, बांधावरची तिन्ही झाडं त्यालाच देऊन टाकू. तरी 70 आणि 67. आणि (6,5) च्या झाडावर बाबांचा जीव आहे, ते आजोबांसोबत त्यांनी स्वतः लावलेलं. बाकीचे चार कर्ण मी तपासले, एकही जमीन निम्मी करत नाही. आंबिया बहार उतरला की मोजणीवाले येणार आहेत, तोपर्यंत दोघं भाऊ रोज फोनवर बोलताहेत. एरवी महिन्यातून एकदा बोलायचे.