बियाण्याची कणगी

आमच्या आईला हल्लीं एकच प्रश्न सुचतो. सुटींत बंगलोरहून आलेली माझी पुतणी तिच्या पायांशीं बसली कीं आई तिच्याकडे टक लावून पाहते आणि विचारते, "नोकरी पक्की झाली का गं, पोरी?" पुतणी सांगते, "नाहीं आजी, अजून अर्जच लिहितें आहे." आई समजल्यासारखी मान हलविते, घोटभर चहा घेते आणि कप खालीं ठेवतां ठेवतां पुन्हां विचारते, "नोकरी पक्की झाली का गं, पोरी?" एका संध्याकाळीं मीं मोजलें. नऊ वेळां तिनें विचारलें. प्रश्न तोच राहिला याचें मला नवल वाटलें नाहीं. पण उत्तरही नऊ वेळां तेंच राहिलें, आणि तें बदलणें आमच्यापैकीं कोणाच्याच हातांत नव्हतें.

वाशीसारख्या गांवांत या दुखण्याला दुखणें म्हणण्याची चाल नाहीं. 'म्हातारचळ लागला' एवढें म्हटलें कीं निदान आणि उपचार दोन्ही आटोपतात. मीही त्यांतलाच होतों. सहा वर्षांपूर्वीं बाजारांतून परत येतांना आई घराची वाट चुकली, तेव्हां चार माणसांदेखत मी तिच्यावर ओरडलों. त्या रात्रीं पुतणीनें मला समजावून सांगितलें कीं, हा मेंदूचा रोग आहे आणि त्याला स्मृतिभ्रंश म्हणतात. त्या दिवशींचा माझा आवाज मला अजून ऐकूं येतो. आई तो केव्हांच विसरली.

२०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीचा अंदाज असा कीं, भारतांत साठीच्या पुढील दर शंभरांत सातांहून अधिक, म्हणजे सुमारें ८८ लाख माणसें या रोगानें ग्रासलेलीं आहेत. शहरांपेक्षां खेड्यांत आणि पुरुषांपेक्षां स्त्रियांत हें प्रमाण जास्त. आमची आई दोन्ही बाजूंनीं सांपडली.

पुतणी या रोगाच्या आरंभाचा शोध घेणाऱ्यांपैकीं एक आहे. स्मृतिभ्रंशाचा मुख्य प्रकार जो अल्झायमर, त्याचीं लक्षणें बाहेर दिसण्याच्या पंधरा-वीस वर्षें आधींच मेंदूंत घातक प्रथिनें सांचूं लागतात. तेव्हां आजारी माणसांना तपासूनच भागत नाहीं; धडधाकट माणसांच्या मागें वर्षानुवर्षें राहावें लागतें. बंगलोरच्या मेंदू-संशोधन केंद्रानें कोलार जिल्ह्यांतील श्रीनिवासपूर येथें पंचेचाळिशी गांठलेल्या दहा हजार ग्रामस्थांचा असा अभ्यास योजला आहे. रोग वीस वर्षें पिकतो, आणि त्याच्या मागें लागलेल्या तरुणाच्या हातीं पैसा येतो तो तीन किंवा पांच वर्षांपुरता! डॉक्टरेट करणाऱ्यास सरकारी छात्रवृत्ति २०२३ पासून आरंभीं महिना ३७,००० रुपये मिळते. खरी ओढाताण पदवी हातीं पडल्यावर सुरू होते. केंद्र सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग आणि ब्रिटनमधील वेलकम ट्रस्ट मिळून तरुण संशोधकांना पांच वर्षांच्या शिष्यवृत्त्या देतात, आणि २०२५ सालीं या योजनेच्या पुढील टप्प्यास १,५०० कोटी रुपयांची मंजुरी मिळाली, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु जागा थोड्या आणि उमेदवार फार. मागें एकदां पुतणीच्या पैशाचा हप्ता आठ महिने रखडला. तेवढे दिवस तिनें मैत्रिणीच्या खोलींत काढले आणि घरीं कोणाला कळूं दिलें नाहीं.

तें कळल्यावर मी तिला जरा कडवटपणेंच म्हणालों, "सरकारनें हे कोट्यवधि रुपये आधीं आजीसारख्यांच्या शुश्रूषेला द्यावेत. मला रात्रीं बसायला एक बाई मिळत नाहीं."

ती म्हणाली, "काका, दोन्ही हवें. माझ्या कामाचा आजीला कांहीं उपयोग नाहीं, हें मला ठाऊक आहे."

"मग कोणाला?"

ती थोडी घुटमळली. "कदाचित् तुम्हांला," ती म्हणाली.

मी चौसष्ट वर्षांचा आहें. त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं.

संशोधकाचें पोट कोणीं भरावें, हा प्रश्न जुनाच आहे. ज्याच्या नांवानें हा रोग ओळखला जातो, त्या डॉ. अल्झायमर यांनीं म्यूनिकच्या रुग्णालयांत आरंभीं वेतनाशिवाय काम केलें. दिवंगत पत्नीच्या संपत्तीवर त्यांचें घर चाले. १९०६ सालीं त्यांनीं आपला शोध विद्वानांपुढें वाचला, तेव्हां एकानेंही प्रश्न विचारला नाहीं. पत्नी श्रीमंत नसती तर? आपल्या मुंबईंतील गोष्ट याहून उदात्त आहे. १९३१ सालीं लेडी मेहेरबाई टाटा रक्ताच्या कर्करोगानें वारल्या. दुसऱ्याच वर्षीं सर दोराबजींनीं त्यांच्या नांवें निधि स्थापून त्या रोगावर संशोधन करणाऱ्या देशोदेशींच्या अभ्यासकांची सोय केली, आणि त्याच वर्षीं तेही गेले. मेहेरबाई कांहीं परत यायच्या नव्हत्या. पण आज त्या रोगानें पछाडलेलीं पुष्कळ मुलें बरीं होऊन शाळेंत जातात. अनोळखी तरुणांवर असा पैसा अनेकांनीं टाकला, म्हणून हें झालें.

एवढा विचार आमच्या आईनें केला नसेल. पण ती वागली तशीच. १९७२ च्या दुष्काळांत आम्ही रेशनवरच्या लाल मिलोच्या भाकरी खात होतों. घरांत एका कणगींत शाळूचें बियाणें होतें. आम्ही मुलें रडलों, आजोबाही एकदां म्हणाले, "काढ थोडी." आईनें कणगीचें तोंड शेणानें लिंपून टाकलें. १९७३ सालीं पाऊस आला आणि त्याच बियाण्यावर आमची पेरणी झाली. शेजारच्या दोन घरांचीही झाली. आपल्या देशांत हुशार पोरें कंटाळून प्रयोगशाळा सोडतात, तेव्हां मला ती कणगी आठवते. तेथें लिंपण घालणारें कोणी दिसत नाहीं.

परवां पुतणीनें अर्ज धाडला आणि ती जायला निघाली. पाया पडतांना आईनें तिचा हात धरला. नांव आठवेना, पण प्रश्न ओठांवर होताच. "नोकरी पक्की झाली का गं, पोरी?"

या वेळीं उत्तर मींच दिलें. "पेरलंय, आई. बघूं आतां."

आई क्षणभर थांबली. तिच्या डोळ्यांत पुष्कळ दिवसांनीं ओळख दिसली.

"मग पाखरं राखा," ती म्हणाली. आणि नंतर कितीतरी वेळ तिनें कांहींच विचारलें नाहीं.