शेजाऱ्यांची नावे न देणारे शहर

फ्रान्सच्या दक्षिणेला लांगदॉक नावाचा मुलूख आहे. नावाचा अर्थ ‘ओक’ची भाषा. तिथल्या जुन्या बोलीत ‘ओक’ म्हणजे ‘हो’. भाषेवरून नाव पडलेला हा मुलूख पाहावा, असे उर्दू आणि मराठी शिकवणाऱ्या मला फार वाटे. भाचा तिथे तूलूझ शहरात शिकतो. मे महिन्यात तिकडे एका गुरुवारी सणाची सुट्टी असते. शुक्रवारची रजा जोडली की चार दिवस मिळतात. फ्रेंच लोक याला ‘पूल करणे’ म्हणतात. आमच्या शाळेलाही उन्हाळी सुट्टी होतीच.

पहिल्या दिवशी रेल्वेने नारबोनला गेलो. इ.स. ७१९च्या सुमारास अंदलुसमधून आलेल्या मुस्लिम फौजेने हे शहर घेतले आणि ७५९पर्यंत ते त्यांच्याकडे होते. त्या चाळीस वर्षांची एखादी इमारत मी शोधत होते, पण दिसले ते १२७२ मध्ये सुरू झालेले आणि अर्धवट राहिलेले उंच कॅथेड्रल. ते पुढे वाढवायचे तर शहराचा तट पाडावा लागणार होता, आणि शहराने तो पाडू दिला नाही. मात्र ईशान्येकडच्या नीम शहरात उत्खननात त्याच काळातल्या तीन मुस्लिम कबरी सापडल्या आहेत. तिघांचेही चेहरे किब्ल्याकडे आहेत. भाच्याने हे सांगितले तेव्हा आपोआप दुआसाठी हात उचलले गेले.

दुसऱ्या दिवशी बेझिए पाहिले. ओर्ब नदीवर जुना दगडी पूल आणि वर टेकडीवर कॅथेड्रल, असे हे देखणे शहर आहे. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला इथे कॅथर पंथाचे लोक कॅथलिक शेजाऱ्यांबरोबर राहत. चर्चच्या लेखी ते पाखंडी होते. पोप इनोसंट तिसरा याने त्यांच्याविरुद्ध क्रूसेड पुकारले. १२०९च्या जुलैमध्ये सैन्य वेशीवर आले. शहराच्या बिशपने दोनशेहून अधिक नावांची यादी पुढे केली : यांना हवाली करा, नाहीतर तुम्ही तरी बाहेर पडा. शहरातले बहुतेक लोक कॅथलिकच होते, तरी त्यांनी नकार दिला. तटावरचा भरवसा आणि शहराच्या हक्कांचा अभिमानही त्या नकारामागे असेल. पण नावे दिली नाहीत, हे खरे. २२ जुलैला शहर पडले. मादलेन चर्चमध्ये आसरा घेतलेल्यांनाही सोडले नाही. सुमारे २०,००० माणसे मारल्याचे पोपच्या प्रतिनिधीने स्वतः कळवले. इतिहासकार हा आकडा फुगवलेला मानतात, पण कत्तल कुणी नाकारत नाही. ते छोटे चर्च आजही उभे आहे. आत मी बराच वेळ गप्प उभी राहिले.

मग कार्कासोनचा किल्ला पाहिला. दुहेरी तट, ५२ बुरूज. आज दिसते त्यातले बरेचसे एकोणिसाव्या शतकात व्हिओले-ल-द्युक या वास्तुविशारदाने दुरुस्त केलेले आहे. आतल्या गल्ल्यांत फिरायला तिकीट लागत नाही. इथले प्रसिद्ध ‘कासुले’ हे घेवड्याचे कालवण बहुधा डुकराच्या मांसाचे असते. आम्ही मासे आणि पाव खाल्ले. मगरिब तिथे रात्री नऊनंतर होते, त्यामुळे फिरायला दिवस पुरतो.

शेवटी आल्बी. १२८२ मध्ये सुरू झालेले तिथले लाल विटांचे कॅथेड्रल प्रार्थनास्थळापेक्षा किल्लाच वाटते. जिंकलेल्या चर्चला आपली ताकद दाखवायची होती.

“खाला, सगळ्यांत जास्त काय आवडलं?” भाच्याने विचारले. मी म्हटले, बेझिए. बुरूज तर आपल्याकडेही पुष्कळ आहेत. शेजाऱ्याच्या हक्काविषयी आपण घरात मुलांना नेहमी सांगतो. जूनमध्ये शाळा उघडली की वर्गात या शहराची गोष्ट सांगणार आहे. “तुम्ही असता तर यादी दिली असती का?” एवढेच विचारायचे, आणि मुलांना बोलू द्यायचे.