मातीचा व्हायवा

मेसमध्ये गेलो की पहिला प्रश्न ठरलेला, "काय रे, गिरणीतून आलास का?" कारण केसांत, भुवयांवर, शर्टाच्या कॉलरवर करडी पूड! सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आम्ही दोघांनी प्रोजेक्ट घेतला होता 'गाळमिश्रित वाळूचे द्रवीकरण', आणि ७५ मायक्रॉनच्या चाळणीशी आमचा संसार सुरू झाला होता.

मित्रांनो, विषय तसा भयंकर आहे. भूकंपात पाण्याने भरलेली सैल माती हादरून दबू पाहते, पण पाण्याला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. त्याचा दाब वाढत जातो, कणांची एकमेकांवरची पकड सुटते आणि जमीन पातळ होते. १९६४ साली जपानमधल्या निगाता शहरात इमारती आडव्या झाल्या त्या वाळूमुळे. १९९९ साली तुर्कस्तानातल्या अदापझारी शहराने दाखवून दिलं, की गाळमातीवरही भरवसा ठेवू नये. तिथे इमारती जमिनीत रुतल्या, कलल्या.

आमचं काम मात्र साधं. नदीकाठची माती पाण्याखाली चाळायची, खाली आलेला गाळ निवळू द्यायचा, ओव्हनमध्ये वाळवायचा, ढेकळं फोडायची आणि मोजून वाळूत मिसळायची. पहिला नमुना मिश्रण पाण्यात सोडून केला. वाळू झटकन तळाला, गाळ सावकाश वर. नमुना कसला, दोन थरांचा केक! मग किंचित ओलं करून थराथराने ठोकायला लागलो. वरचे ठोके खालच्या थरालाही बसतात, म्हणून खालचा थर मुद्दाम थोडा सैल ठेवायचा, हे लॅबमधल्या मामांनी शिकवलं.

खरी परीक्षा पुढे. नमुन्यातली हवा पूर्ण जायला हवी. आधी कार्बन डायऑक्साइड, मग पाणी, मग बॅक प्रेशर. गाळातून पाणी गोगलगायीच्या गतीने जातं. बाहेरचा दाब वाढवल्यावर आतल्या पाण्याचा दाब किती पट वाढला, ती 'बी व्हॅल्यू'. निदान ०.९५ हवी. दोन दिवसांनी आमची आली ०.८१. सबमिशन तोंडावर! पार्टनर म्हणाला, "लिही ०.९५, कोण बघतंय?" आणि मी लिहिलं.

नमुना हादऱ्यांना मस्त टिकला. सर ग्राफ बघून म्हणाले, "छान आलाय." आम्ही त्या दिवशी कॅन्टीनला पार्टी केली.

पुढचा नमुना तोच, तेवढाच घट्ट. सुट्टीमुळे तो दोन दिवस जास्त राहिला आणि बी आली ०.९६. मशीन सुरू केलं आणि थोड्याच हेलकाव्यांत पाण्याचा दाब बाहेरच्या दाबाइतका झाला. नमुना शिऱ्यासारखा बसला! तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. पहिला टिकला होता तो मातीच्या जोरावर नाही, तर आत उरलेल्या हवेच्या. हवा दबते, पाण्याचा दाब वाढू देत नाही, आणि माती आहे त्यापेक्षा मजबूत दिसते. म्हणजे आमचा तो एक आकडा कमकुवत जमिनीला पास करत होता.

त्या रात्री पार्टनरशी कडाक्याचं भांडण झालं. सकाळी मात्र दोघेही सरांच्या केबिनबाहेर उभे होतो. सर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "वही आणा, खोडू नका. शेजारी खरा आकडा लिहा."

शेवटी रिपोर्टमध्ये ठरवल्यापेक्षा निम्मेच नमुने आले. व्हायवाला बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, "इतके कमी?" आम्ही सगळं सांगून टाकलं. मार्क बेताचेच पडले. पण ती वही मी अजून जपून ठेवली आहे. ०.९५ वर एक सरळ रेघ आहे, आणि शेजारी ०.८१.