ताबोचं धाबं

सहल कंपन्यांना नुसता हिमालय पुरत नाही. म्हणून त्या प्रत्येक गावाच्या कपाळावर एक बिरुद चिकटवतात. छितकुल म्हणे भारतातलं शेवटचं गाव, हिक्किमचं पोस्ट ऑफिस जगातलं सर्वांत उंच, कोमिक हे मोटार पोचणारं सर्वांत उंच गाव. आणि ताबो? ताबो म्हणजे 'हिमालयातला अजिंठा'. आमच्या टूर लीडरने हे बिरुद सिमल्याहून गाडी सुटल्यापासून रोज ऐकवलं. मुलगा तसा गुणी. सगळ्यांना काका-काकू म्हणायचा, कुणाला गाडी लागली की धावत आल्याची गोळी आणायचा. पण मी पडले जळगावची. शाळेच्या सहलीपासून लग्नातल्या पाहुण्यांपर्यंत ज्याला त्याला अजिंठा दाखवण्यात माझी उमर गेली. दुसऱ्या कशाला कुणी अजिंठा म्हटलं की माझं डोकं फिरतं.

सिमला, रामपूर, कल्पा, नाको हा सगळा रस्ता सफरचंदं, दरडी आणि शेजारच्या डोंबिवलीच्या काकांची विरळ हवेची चर्चा यांत गेला. खाबला स्पिती नदी सतलजेला मिळते आणि तिथून पुढे हिरवा रंग जवळजवळ संपतोच. गाडीतले बहुतेक जण "किती उजाड!" म्हणून हळहळले. मला मात्र तिथूनच बरं वाटायला लागलं. खानदेशातला मे महिना काढलेल्या माणसाला उजाडपणाचं कसलं भय? देवदारांच्या गर्द जंगलात मला उगाच कुणीतरी पाळत ठेवल्यासारखं वाटतं. इथे डोंगर आपली सगळी हाडं दाखवून उभे असतात.

ताबो साधारण 3,280 मीटर उंचीवर आहे. डोंगराच्या पोटाशी नाही, कड्यावर तर नाहीच, चक्क सपाट जमिनीवर. मातीचं कुंपण, आत नऊ मंदिरं, काही स्तूप. सगळं मातीचं, बुटकं, जवळजवळ बिनखिडक्यांचं. आमच्यातल्या एक काकू फाटकातच थांबून म्हणाल्या, "एवढंच?" टूर लीडर ओशाळला. मीही थांबले, पण वेगळ्या कारणासाठी. मला समोर आमच्या आजोळची धाब्याची घरं दिसत होती. तेच सपाट छप्पर, त्याच जाड भिंती, कडेला तसेच बाहेर आलेले पन्हळ.

मुख्य मंदिर त्सुग्लाखांग. कॅमेरा बाहेर ठेवायचा. आत शिरलं की आधी फक्त अंधार आणि तुपाच्या दिव्यांचा जुना, खवट वास. एक तरुण लामाजी टॉर्च घेऊन पुढे झाले. त्यांनी प्रकाश भिंतीवर टाकला आणि माणसाच्या उंचीची एक मातीची मूर्ती भिंतीतून पुढे झुकली. मग दुसरी, मग तिसरी. चारी भिंतींवर अशा बत्तीस मूर्ती आहेत. पाया जमिनीवर नाही, भिंतीलाच जोडलेल्या, त्यामुळे तरंगल्यासारख्या. मधोमध पाठीला पाठ लावून चार दिशांना तोंडं केलेला वैरोचन. म्हणजे मंडल बघायचं नसतं, त्यात उभं राहायचं असतं. हे आधी वाचलं असतं तरी मला कळलं नसतं.

पण मी अडकले ती मूर्तींच्या खाली. तिथे चित्रांचा एक लांब पट्टा आहे. एका बाजूला बुद्धाचं चरित्र. ते ओळखीचं होतं. दुसऱ्या बाजूला सुधनाची गोष्ट, गण्डव्यूह सूत्रातली. हा सुधन सावकाराचा मुलगा. मंजुश्री त्याला दक्षिणेकडे पाठवतो आणि तो गावोगाव एकच प्रश्न घेऊन हिंडतो, की बोधिसत्त्वाने वागायचं कसं? गुरू म्हणून त्याला कोण भेटतात बघा. भिक्षू आहेतच, पण नावाडी आहे, अत्तरवाला आहे, राजा आहे, लहान पोरगा आहे आणि वसुमित्रा नावाची गणिका आहे. प्रत्येक जण मला एवढंच येतं म्हणून त्याला पुढच्याकडे धाडतो. म्हणजे या भिंतीवर हजार वर्षांपूर्वी कुणीतरी एक प्रवासवर्णन रंगवून ठेवलंय! चित्रांच्या जोडीला तिबेटी अक्षरांत मजकूरही आहे. चेहऱ्यांचे डोळे लांब, कमरा बारीक, अंगावरचे कपडे ठिपक्यांचे आणि फुलांचे. तिबेटी थंका डोक्यात धरून आलेल्या माणसाला हे चेहरे परके वाटतात.

परके वाटायचं कारणही आहे. गुगे राज्याचा राजा येशे-ओ याने 996 साली हे मंदिर उभारलं. त्याच राजाच्या पाठबळावर रिन्चेन झांगपो हा महापंडित काश्मीरला शिकायला गेला आणि परतताना तिथले कलावंत घेऊन आला, असं परंपरा सांगते. बांधल्यावर 46 वर्षांनी राजघराण्यातल्याच चांगचुब-ओ याने जीर्णोद्धार केला आणि भिंतीवर तसा लेख लिहून ठेवला. त्या लेखावरूनच तर सालाचा हिशेब लागतो. काश्मीरमधली बौद्ध चित्रं काळाच्या ओघात गेली, पण त्यांची बोटं इथे आणि लडाखच्या आल्चीला शिल्लक राहिली. मग उपमाच द्यायची तर काश्मीरची द्या ना! अजिंठा डोंगर पोखरून केला. तो ओस पडला, रानाखाली गेला आणि 1819 मध्ये शिकारीला आलेल्या जॉन स्मिथला दिसला. ताबोत मात्र भिक्षू आजही राहतात, आजही पूजा होते. एक वस्ती उठून गेलेलं, दुसरं नांदतं. यांना एका माळेत ओवणारा माणूस एक तर दोन्ही ठिकाणी गेलेला नसावा किंवा दोन्ही ठिकाणी अर्धाच तास थांबला असावा.

अर्ध्या तासाचाच मुद्दा पुढे आला. बाहेर शिट्टी वाजली. आमच्या कंपनीचा स्वयंपाकी सोबत होता आणि मसालेभात तयार होता. स्पितीत येऊन मसालेभात! गटातल्या निम्म्या लोकांनी सहल निवडली ती याच भातासाठी, हे मला ठाऊक आहे, तरीही. मी लीडरला सांगितलं, "माझं ताट वाढू नका." तो म्हणाला, "काकू, उपाशीपोटी उंचीवर त्रास होतो." मी म्हटलं, "होऊ दे." मागे फिरले तर लामाजी दाराला कुलूप घालत होते. मला पाहून हसले आणि उन्हात, कट्ट्यावर बसले. मीही बसले.

बोलायचं काय, म्हणून मी छपराकडे बोट दाखवून विचारलं की वर काय काय घातलंय. माणूस खुलला. खाली पोपलरच्या तुळया, त्यावर विलोच्या काड्या, त्यावर झुडपांचा थर आणि वर चिकणमाती तुडवून बसवलेली. मी म्हटलं, आमच्याकडे लाकडाच्या सरांवर किलचण, त्यावर पाला आणि वर पांढरी माती. मृग लागायच्या आधी आजोबा धाब्यावर चढून उंदरांची बिळं बुजवायचे. तरीही पहिल्या पावसात घर गळायचंच आणि रात्री आम्ही पोरं अंथरुणं ओढत कोरड्या कोपऱ्यात जायचो. "आपके वहाँ बहुत बारिश?" लामाजींनी विचारलं. मी म्हटलं, आमच्या मानाने बहुत.

मग ते जे म्हणाले ते सगळ्या सहलीत मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. स्पिती पर्जन्यछायेत आहे. इथे पडायचा तो बर्फ. ही छपरं बर्फासाठीच बांधलेली. थंडीत सगळे वर चढतात आणि फावड्यांनी बर्फ खाली लोटतात. आता अधूनमधून सरळ पाऊस येतो. "बर्फ तो हम फेंक देते हैं. बारिश को कैसे फेंकें?" पाणी मातीत मुरतं, माती घेऊन भिंतीवर उतरतं आणि चित्रांवर ओघळ उमटतात. तेव्हा मला आतल्या भिंतींवरचे ते मळकट, उभे पट्टे आठवले. मी ते जुनेपणाचे समजून पुढे गेले होते. 1975 च्या जानेवारीत मोठा भूकंप झाला, तेव्हा बांधकामाला तडे गेले, पण मंदिर टिकलं. भूकंप एकदा हलवून जातो. पाऊस दरवर्षी येतो.

मी विचारलं, वर पत्रा का नाही टाकत? आमच्या गावात सगळ्या धाब्यांवर पत्रे आले, मग स्लॅब आले. लामाजींनी मान हलवली. जुनी इमारत, आपल्या मनाने काही करता येत नाही. शिवाय वजन, शिवाय आतली हवा. घरासाठी सोपं असलेलं उत्तर या मंदिरासाठी सोपं नाही. थोडा वेळ आम्ही दोघंही पन्हळांकडे बघत बसलो. मग त्यांनी आतून मीठ-लोण्याचा चहा आणला. खरं सांगायचं तर तो चहा मला शेवटपर्यंत आवडला नाही. मी तो संपवला, कारण आमच्या आजोळी पाहुण्याने पेल्यात काही ठेवलेलं चालत नसे.

धनकर, की, हिक्किम, चंद्रताल हे सगळं पुढे झालं. 'की'चा मठ फोटोत दिसतो तसाच दिसतो, त्यामुळे त्याच्याविषयी वेगळं लिहायची गरज नाही. हिक्किमहून सगळ्यांनी स्वतःलाच पत्रं पाठवली. कुंझूम खिंडीत डोंबिवलीच्या काकांना शेवटी एकदाचा त्रास झाला आणि त्यांना मनापासून समाधान वाटल्यासारखं दिसलं. मनालीला परतलो तेव्हा टूर लीडरने अभिप्रायाचा फॉर्म दिला. 'सुचवण्या'च्या रकान्यात मी लिहिलं, 'ताबोला अजिंठा म्हणू नये.'

तुम्हाला स्पितीला जायचं असेल तर जून ते सप्टेंबर हा काळ बरा. पैसे भरण्याआधी कंपनीला एकच गोष्ट विचारा, ताबोला किती वेळ देणार? अर्धा तास म्हणाले, तर दुसरी कंपनी बघा.