माळशेज उतरताना ब्रेक तापले तेव्हा

1980 च्या दशकात मी एका जुन्या बेडफर्डवर ड्रायव्हर होतो. आळेफाट्याला कांदा भरायचा आणि माळशेज घाट उतरून मुरबाडमार्गे कल्याणला पोचवायचा. गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक, तेलावर चालणारे.

त्या फेरीत ओतूर सोडल्यावर ब्रेक दाबला की गाडी उजवीकडे ओढायला लागली. शेजारी तात्या होते, माझे उस्ताद. म्हणाले, "पुढचं डावं चाक धरत नाहीये. घाट दुसऱ्यातच उतरव."

बोगदा मागं पडला. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये होती, तरी वळणांवर ब्रेक लावावाच लागत होता. अर्ध्या घाटात ब्रेक लायनर जळाल्याचा वास आला. पेडल नेहमीपेक्षा खाली जायला लागलं, आणि जोर लावूनही वेग उतरेना. माझे तळहात घामानं ओले झाले होते. रुंद जागा दिसताच तात्यांनी गाडी डोंगराच्या अंगाला घ्यायला लावली. हँडब्रेक ओढला, क्लीनरनं चाकांना दगड लावले.

तो पाण्याचा कॅन घेऊन ड्रमकडे निघाला, तेव्हा तात्यांनी अडवलं. ड्रम बिडाचा असतो. तापलेला असताना गार पाणी पडलं तर तडकतो. आपोआप निवू द्यायचा.

थांबलो तेवढ्यात तात्यांनी समजावलं. पेडल दाबलं की तेलाच्या दाबानं व्हील सिलिंडर दोन्ही शू बाहेर ढकलतो आणि ते फिरत्या ड्रमला आतून घासतात. पुढच्या शूला ड्रमच आपल्या फिरण्यानं आणखी स्वतःकडे ओढून घेतो. म्हणून पायाच्या जोरावर एवढी जड गाडी थांबते. पण ड्रम तापला की फुगतो आणि शूपासून लांब जातो. शूवरच्या लायनरची पकडही सुटते. एक चाक काम करत नसेल, तर त्याचा भार बाकीच्यांवर येतो आणि ती लवकर तापतात.

ड्रम निवल्यावर पहिल्या गिअरमध्ये सावकाश खाली आलो. मुरबाडला चाक खोललं. व्हील सिलिंडरचे रबर झिजले होते आणि तेल गळून लायनर चिंब झाला होता. आधीच्या गॅरेजनं लायनर नवा घातला होता, रबर जुनेच ठेवले होते.

आम्ही पुढच्या दोन्ही चाकांचे रबर आणि लायनर बदलले. एकाच बाजूचा बदलला की गाडी ओढते. तेल प्यालेला लायनर पेट्रोलनं धुऊन परत लावू नये, आतलं तेल तापल्यावर पुन्हा वर येतं. ड्रमला चरे होते, ते लेथवर काढून घेतले. लाईनमधली हवा काढली. मग चाक जॅकवर उचलून ॲडजस्टर शू घासेपर्यंत आवळला आणि चाक मोकळं फिरेल इतका सैल केला.

आतली धूळ फुंकून किंवा हवा मारून उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्यानं पुसा. ब्रेक ऑईलही वेळेवर बदला. ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट 3 ताजं असताना 205 अंशांच्या पुढं उकळतं, पण पाणी मुरलं की 140 च्या आसपासही उकळू शकतं. मग पेडल मऊ पडून तळाला जातं.

गाडी ओढली, वास आला, पेडल खाली गेलं, यातलं एक जरी झालं तरी घाटाआधी चाक खोला. आणि ज्या गिअरमध्ये घाट चढता, त्यातच उतरा. न्यूट्रलवर कधीच नको.