दारावरची पाटी

दारी आलेल्या माणसाला ‘नाही’ म्हणायची वेळ आली, की आपण बायका किती अवघडतो! आणि तो माणूस रोजचं गिऱ्हाईक असेल तर विचारूच नका.

2024च्या मे महिन्यात शाळेला सुटी लागली आणि मी धाकट्या बहिणीकडे अमेरिकेत गेले. टेक्सास राज्यात ह्यूस्टनजवळ तिचं नि मेहुण्यांचं छोटंसं वाणसामानाचं दुकान आहे. दुपारी मीही तिच्याबरोबर गल्ल्यापाशी बसायची. शेजारी भाची चित्रं काढत असायची.

एके दिवशी एक उंच गृहस्थ आले. हसून विचारपूस केली, तांदळाची पिशवी उचलली. माझं लक्ष त्यांच्या कमरेकडे गेलं, तर चामडी कव्हरात पिस्तूल! बँकेतल्या रखवालदाराची सोडली तर मी बंदूक इतक्या जवळून कधी पाहिली नव्हती. हातातली नाणी खाली सांडली.

ते गेल्यावर म्हटलं, “अगं, पोलिसांना बोलाव की!”

“ताई, पोलीस काय करणार? इथं हे चालतं.”

मग तिनं समजावलं. परवानाधारकांना तिथं 1 जानेवारी 2016पासून पिस्तूल असं उघड बाळगता येतं. 1 सप्टेंबर 2021पासून तर बहुतेक प्रौढांना परवान्याचीही गरज उरली नाही. आपल्याकडे 1959च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय बंदूक घरातही ठेवता येत नाही!

“पण दुकान तर तुमचं ना?”

“हो. मालकाला मनाई करता येते. तोंडी सांगितलं तरी पुरे. तू सांगशील?”

मी गप्प बसले. दुसऱ्या दिवसापासून भाचीचं टेबल तिनं आतल्या खोलीत हलवलं.

दुसरा मार्ग पाटीचा. पण ‘कृपया बंदूक आणू नये’ असं आपल्या शब्दांत लिहून भागत नाही. कायद्यातलाच मजकूर हवा, इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हींत. अक्षरं किमान एक इंच उंच, रंग उठून दिसणारे, आणि पाटी प्रत्येक दारावर. त्यातही उघड पिस्तुलाची पाटी वेगळी, लपवलेल्याची वेगळी आणि परवाना नसलेल्यांसाठी आणखी एक. पाटी असूनही कुणी पिस्तूल घेऊन आलं तर दोनशे डॉलरपर्यंत दंड. तोंडी सांगूनही बाहेर गेलं नाही, तर एक वर्षापर्यंत कैद.

पाट्या तिनं कधीच करून घेतल्या होत्या, पण त्या तांदळाच्या पोत्यांमागे पडून होत्या. मेहुण्यांचं म्हणणं, “माणसं चांगली आहेत. कशाला दुखवायचं? गिऱ्हाईक तुटेल.” तेही खोटं नव्हतं. दुकानाचं कर्ज फिटायचं होतं.

मी पडले शिक्षिका. पाट्या बाहेर काढल्या, पट्टी लावली, तर अक्षर पाऊण इंच! म्हणजे लावल्या असत्या तरी कायद्याच्या दृष्टीनं कुचकामीच. बहीण हसली आणि हसता हसता रडू लागली. रात्री मेहुणे स्वतःच म्हणाले, “नव्या करून घेऊ.” नव्या पाट्यांचं अक्षर न् अक्षर मी मोजलं.

पाट्या लागल्या त्याच आठवड्यात ते गृहस्थ आले. दाराशी थांबले, वाचलं आणि मागे वळले. बहिणीनं माझा हात घट्ट धरला. “गेलं गिऱ्हाईक,” ती पुटपुटली.

पाच मिनिटांनी ते परत आले. कमरेला काही नव्हतं. पिस्तूल मोटारीत ठेवून आले होते. तांदूळ घेतला, पैसे दिले, नेहमीसारखे हसले. पाटीबद्दल अवाक्षर नाही.

सगळेच असे नसतात. आणखी एक जुनं गिऱ्हाईक त्यानंतर फिरकलं नाही, असं बहिणीनं परवा फोनवर सांगितलं. पण भाचीचं टेबल मात्र पुन्हा गल्ल्याशेजारी आलं आहे.